डिसेंबरची सहल: मुंबईची ‘एम्प्रेस’ की सिंगापूरची ‘जेंटिंग ड्रीम’? – पुण्यातील सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव (ए-६०३): सर्व सभासदांस नमस्कार. डिसेंबरच्या नाताळ सुट्टीत क्रूझ सहल काढावी असे सर्वसाधारण मत झाले असून एजंटाने दोन जहाजे सुचवली आहेत. एक कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’, जे मुंबईहून दोन रात्रींसाठी गोव्याला जाऊन येते आणि लक्षद्वीपलाही जाते. दुसरे स्टारड्रीम क्रूझेसचे (पूर्वीचे रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस) ‘जेंटिंग ड्रीम’, जे सिंगापूरहून सुटते आणि मलेशिया किंवा थायलंडच्या बंदरांना जाते. कृपया केवळ ‘मस्त’ किंवा अंगठा न पाठवता कारणांसह मत मांडावे. शुभेच्छांचे संदेश आज या ग्रुपवर टाकू नयेत.

बी-२०२: एजंटाच्या पत्रकात एम्प्रेसचे भाडे जेंटिंग ड्रीमपेक्षा बरेच कमी दिसते, त्यात विमानाचे तिकीट नाही, व्हिसा नाही आणि देशांतर्गत फेरी असल्यामुळे पासपोर्टचीही गरज नाही, आधार कार्डावर काम होते. मग तुलना करण्यासारखे उरते तरी काय?

सी-५०४: वहिनी, गोव्याला आपण सगळे गाडीने जाऊन आलेलो आहोत. तिथे पोहोचण्यासाठी जहाज कशाला हवे, हा माझा प्रश्न आहे.

ए-१०२ (काका, मर्चंट नेव्हीतून निवृत्त): सचिवसाहेबांनी कारणांसह लिहायला सांगितले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पत्रकात पहिल्याच ओळीत जहाजाचे ‘टनेज’ छापलेले असते आणि ते वजन असावे असा बहुतेकांचा समज होतो. प्रवासी जहाजाचे ग्रॉस टनेज हे वजन नसून जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला आकडा असतो. त्यामुळे त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा वाट्याला येते, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. एम्प्रेसचे टनेज ४८,५६३ आहे आणि एका खोलीत दोघे धरले तर त्यावर सुमारे १,६०० प्रवासी मावतात, म्हणजे माणशी ३०. जेंटिंग ड्रीमचे टनेज १,५०,६९५ आहे आणि त्याच हिशेबाने प्रवासी सुमारे ३,३५०, म्हणजे माणशी ४५. ‘मोठ्या जहाजावर गर्दी जास्त’ असे आपण गृहीत धरतो, पण या दोघांच्या बाबतीत दीडपट मोकळीक मोठ्या जहाजावरच आहे. नाताळात तिसरा-चौथा पलंगही भरलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात दोन्हीकडे यापेक्षा दाटी होईल, हे लक्षात ठेवावे.

आता वयाचा मुद्दा. एम्प्रेस १९९० साली रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने दाखल झाले. फ्रान्समधील सें-नाझेर येथे बांधलेले हे जहाज तीन-चार रात्रींच्या छोट्या फेऱ्यांसाठीच आखलेले होते. पुढे त्याचे नाव ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाले, मधली काही वर्षे ते पुलमंतूर या स्पॅनिश कंपनीकडे होते, आणि कॉर्डेलियाने २०२१ मध्ये ते मुंबईहून चालवायला सुरुवात केली. जेंटिंग ड्रीम जर्मनीतील पापेनबुर्ग येथे बांधले गेले आणि २०१६ साली सेवेत आले. वय जास्त म्हणजे जहाज असुरक्षित, असे मी अजिबात म्हणणार नाही, कारण नीट राखलेले जुने जहाज समुद्रात उत्तम वागते. मात्र १९९० च्या सुमारास जहाजांच्या खोल्या लहान असत आणि बाल्कनी ही मोजक्यांची चैन होती. एम्प्रेसवरील साध्या खोल्या सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास आहेत आणि बाल्कनीच्या खोल्या थोड्याच आहेत. जेंटिंग ड्रीमवर सत्तर टक्क्यांहून अधिक खोल्यांना बाल्कनी आहे.

सी-५०४: काका, पण खोलीत थांबायला कोण जाते?

ए-१०२: दुपारी एक ते चार ही वेळ पुणेकर पाळणारच, मग तो अरबी समुद्रात असो की जेंटिंग ड्रीमच्या वाटेवरील मलाक्काच्या सामुद्रधुनीत. म्हणून खोली महत्त्वाची!

तुमच्या आधीच्या प्रश्नाचेही उत्तर देतो. फेरी जितकी छोटी, तितके बंदराचे महत्त्व कमी आणि जहाजाचे जास्त. दोन रात्रींच्या गोवा फेरीत जमिनीवर काही तासच मिळतात, उरलेला सगळा वेळ जहाजावर जातो. त्यामुळे गोवा पाहिलेले आहे की नाही, हा प्रश्नच गौण ठरतो आणि जहाजावर आपल्याला करण्यासारखे काय आहे, हे पाहावे लागते. पोहण्याचा तलाव, संध्याकाळचे कार्यक्रम आणि भरपूर जेवण एवढ्यावर ज्यांचे समाधान होते, त्यांना एम्प्रेस पुरेसे आहे. जेंटिंग ड्रीमवर सहा पाण्याच्या घसरगुंड्या, दोरांवरून चालण्याचा खेळ, बोलिंग आणि मोठे नाट्यगृह आहे. आपल्याकडील दहा ते पंधरा वयोगटातील मुले एम्प्रेसवर दुसऱ्या दिवशी मोबाईल काढून बसतील, असा माझा अंदाज आहे.

डी-३०१: जेवणाचे काय? आमच्याकडे दोघे जण कांदा-लसूण खात नाहीत. शिवाय जहाज हलते त्याची मला भीती वाटते.

ए-१०२: काकू, शाकाहारी आणि जैन जेवण दोन्ही जहाजांवर मिळते, कारण दोघांचाही मोठा ग्राहक भारतीय आहे. तरीही आगाऊ मागणी बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यावी, एजंटाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये.

हलण्याविषयी सांगायचे तर डिसेंबरात अरबी समुद्र पावसाळ्याच्या मानाने पुष्कळच शांत असतो, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने सुमात्रा बेटाचा आडोसा असल्यामुळे तिथेही मोठ्या लाटा सहसा उठत नाहीत. दोन्ही जहाजांना डोलणे कमी करणारे पंख असतात. तरी लांबीचा फरक पडतोच. एम्प्रेस २११ मीटर आहे, जेंटिंग ड्रीम ३३५ मीटर. आपल्या हातात असलेला खरा उपाय म्हणजे खोलीची जागा. जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर (मजल्यावर) हालचाल सर्वांत कमी जाणवते, कारण सी-सॉच्या टोकापेक्षा मधे बसणाऱ्याला वरखाली कमी व्हावे लागते, तसेच हे आहे. वरच्या डेकवरची पुढची खोली ‘व्ह्यू’ म्हणून महाग विकली जाते, ती तुम्ही घेऊ नका. आणि नकाशा पाहून खोलीच्या थेट वर पोहण्याचा तलाव किंवा उपाहारगृह नाही ना, याची खात्री करा, नाहीतर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज ऐकावा लागेल.

बी-२०२: हे सगळे मान्य, पण खर्चावर कोणी बोलत नाही.

बी-७०१ (चार्टर्ड अकाउंटंट): वहिनी, पत्रकातील भाडे बाजूला ठेवून घराच्या दारापासून दारापर्यंतचा खर्च मांडावा, असे मी सुचवतो. एम्प्रेससाठी तो सोपा आहे. पुण्याहून सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन पकडली की साधारण साडेदहापर्यंत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ आहे. जेंटिंग ड्रीमसाठी मात्र विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट, व्हिसा, विमा आणि सिंगापुरात आदल्या रात्रीचे हॉटेल धरावेच लागेल. विमान उशिरा आले म्हणून जहाज थांबत नाही, तेव्हा त्याच दिवशी पोहोचण्याचा धोका पत्करू नये. शिवाय भाड्याव्यतिरिक्त माणशी दर रात्री सेवाशुल्क लागते आणि बंदर कर वेगळा असतो. मुलांना त्यात किती सूट आहे, हे एजंटाकडून लेखी घ्यावे. परदेशी पॅकेजवर टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतला जाईल, पण तो खर्च समजू नये, कारण आयकर विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते.

माझे मत असे, की जेंटिंग ड्रीमच्या दोन रात्रींसाठी एवढा प्रवास परवडणारा नाही. जायचे तर किमान तीन रात्रींची फेरी आणि सिंगापुरात एक-दोन दिवस, तरच विमानाचे पैसे वसूल होतात.

ए-६०३ (सचिव): व्हिसाबद्दल एजंटाला विचारले. सिंगापूरहून निघून मलेशियाला जाऊन परत सिंगापुरात उतरायचे असल्याने व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा असावा लागतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असला पाहिजे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांसाठी एम्प्रेस योग्य ठरेल, असे मला वाटते.

सी-१०१ (आजी): सचिव, आमच्या गुडघ्यांचा निर्णय आम्हाला न विचारता करू नये. विमानतळावर चाकाची खुर्ची मागता येते आणि जहाजावर लिफ्ट असते, हे मला माहीत आहे. मला पायऱ्यांचे भय नाही, पण हलत्या होडीत उतरायचे असेल तर मी येणार नाही. असे कुठे करावे लागते, तेवढे सांगा.

ए-१०२: आजी, इतका नेमका प्रश्न आतापर्यंत कोणी विचारला नव्हता. बंदराचा धक्का नसेल तेव्हा जहाज दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपला बेटांभोवतीचे लगून, म्हणजे प्रवाळ कड्यांच्या आतले पाणी, उथळ असल्याने असेच करावे लागते, तेव्हा ती फेरी तुमच्यासाठी नाही. गोव्याला मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागते. थायलंडमधील फुकेतला मोठी जहाजे बऱ्याचदा पातोंग किनाऱ्यासमोर नांगरतात, म्हणजे पुन्हा होडी. मलेशियातील पोर्ट क्लांगला धक्का आहे, पण तिथून क्वालालंपूर रस्त्याने तासाभराहून जास्त अंतरावर आहे आणि अर्धा दिवस बसमध्ये जातो. मलेशियातीलच पेनांगला मात्र जहाज स्वेटेनहॅम पिअरला लागते आणि तो धक्का जॉर्जटाउन शहरातच आहे. युनेस्कोने २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेला जुना भाग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तमिळ वस्तीमुळे शाकाहारी जेवणाचीही अडचण पडत नाही.

बी-७०१: म्हणजे जहाजापेक्षा फेरी निवडणे जास्त महत्त्वाचे. पेनांग असलेली तीन रात्रींची फेरी नाताळात उपलब्ध असेल तर माझे मत जेंटिंग ड्रीमला, नसेल तर गोव्यासह एम्प्रेसला.

सी-१०१: माझेही तेच मत. खोली मध्यावर आणि लिफ्टजवळ हवी.

बी-२०२: दारापासून दारापर्यंतचा हिशेब दोन्हींसाठी एका कागदावर मिळाला, तर मीही विरोध करणार नाही. मोबाईलचे बिल तेवढे त्यात धरू नका.

ए-१०२: धरावे लागणार नाही, मात्र जहाजावर चढल्याबरोबर फोन फ्लाइट मोडवर टाकावा. खुल्या समुद्रात फोन जहाजाचे उपग्रह नेटवर्क पकडतो आणि त्याचे रोमिंग दर जमिनीवरच्या पॅकमध्ये सहसा बसत नाहीत.

ए-६०३ (सचिव): एजंटाला पुढील गोष्टी लेखी विचारत आहे: नाताळाच्या आठवड्यात पेनांगची फेरी आहे का, मध्यावरच्या खालच्या डेकवरील खोल्या किती शिल्लक आहेत, सेवाशुल्क व बंदर कर धरून माणशी एकूण रक्कम किती, आणि रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती परतावा मिळतो. सभासदांनी आपापल्या पासपोर्टची मुदत रविवारपर्यंत मला वैयक्तिक संदेशाने कळवावी. पासपोर्टचे फोटो कृपया ग्रुपवर टाकू नयेत.