रंग बदलून भागणार नाही, तोंडच बसता कामा नये

पोटात दूध पोचवणारी नळी चुकून शिरेच्या सलाइनला जोडली जाऊ नये म्हणून जांभळ्या नळ्या आणल्या आणि सिस्टरांना नीट शिकवलं की झालं, असं काहीजण म्हणतात. अजिबात पटत नाही. रात्रपाळीत मंद दिव्यात रंग कुठला दिसतोय, हाताला फक्त जोड बसल्याचं कळतं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सलाइन आणि आईचं दूध शेजारशेजारच्या सिरिंज पंपांतून चालू असतं. दोन्हीकडे तोच ६ टक्के उताराचा लुअर (सिरिंज आणि नळी जोडायचं नेहमीचं निमुळतं तोंड) असेल, तर दूध शिरेत जायला एक चुकीची फिरकी पुरते. म्हणून आयएसओ ८०३६९-३ या आंतरराष्ट्रीय मानकाने आकारच बदलला: एनफिट या पोटाच्या नळीसाठीच्या वेगळ्या जोडात नर टोक नळीला, मादी सिरिंजला, म्हणजे लुअरच्या बरोबर उलट.

मुंबईतल्या रुग्णालयांनी खरेदीकडे बघावं. नळी, सिरिंज आणि फीडिंग सेट एकाच मागणीपत्रावर मागवा आणि अख्खा वॉर्ड एकदम बदला. एक जरी वस्तू मागे राहिली तर जुनं-नवं तोंड जुळवणारा ॲडॉप्टर येतो, आणि ॲडॉप्टर खिशात असला की लुअर परत आलाच! १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आहेत, तेव्हा नियमात ॲडॉप्टरला मुदत घालणं अशक्य नाही. आणि हो, नवजात बाळांच्या औषधाला लो-डोस टोकाचीच सिरिंज घ्या. साध्या एनफिटच्या तोंडात साचलेलं औषध जोडताना नळीत ढकललं जातं आणि डोस वाढतो.