पोरगी अठराची होऊन बालगृहातून बाहेर येते आहे, आधी काय काय करून घ्यावं?

शिवणक्लासवाली, दारव्हा
नमस्कार. एसटी स्टँडमागं माझा शिवणक्लास आहे. बालगृहातल्या पोरी शिकायला येतात. त्यातली एक डिसेंबरात अठरा पूर्ण करते. वडील कास्तकार होते, कर्जापायी गेले. आईनं दुसरं घर केलं. पोरीचा हात असा की कटोरी ब्लाउजसाठी बाया तिलाच विचारत येतात. पण अस्तर आणायला यवतमाळला सोबत नेलं, तर कंडक्टरनं "कुठं?" म्हटल्यावर ती माझ्या तोंडाकडे पाहे. महिलांना अर्धं तिकीट असते, हेही तिला त्या दिवशीच समजलं. तिकीट स्वतः काढायची वेळच आली नव्हती कधी.

माझ्या घरामागं एक खोली रिकामी आहे. यजमान तयार आहेत. भाडं घेणार नाही, शिलाईची मजुरी मात्र पूर्ण देईन. शेजारचे म्हणतात, दुसऱ्याची पोरगी काऊन अंगावर घेता? ते जाऊ द्या. सरकारकडून तिला काय मिळते आणि बालगृहात असतानाच काय करून घ्यावं, एवढं सांगा.

निवृत्त अधीक्षिका, वर्धा
ताई, बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदतीची तरतूद आहे. अनुरक्षण, म्हणजे बाहेर पडल्यावरची ही मदत, 21 व्या वर्षापर्यंत चालते, अपवाद म्हणून 23 पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिन्याला 4,000 रुपये आहेत. यवतमाळच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात आत्ताच जा. डिसेंबरची वाट पाहू नका, कारण पोरगी गेटबाहेर पडली की तिची फाइल मागं पडते. पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून घर चालवू नका.

अनाथ प्रमाणपत्र आणि त्यावरचं 1 टक्का आरक्षण आईवडील दोघंही नसलेल्यांसाठी आहे. हिची आई हयात आहे, म्हणजे तो मार्ग नाही. म्हणून जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडचे जुने कागद संस्थेकडूनच मागवून घ्या. आधारला तिचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडा. बँकेत अठरा झाल्यावर केवायसी नव्याने करून खातं तिच्या एकटीच्या सहीवर करून घ्या.

वायरमन, आर्णी
मी स्वतः बालगृहात वाढलो. मावशी, तुमचं मन मोठं आहे, पण खोली अन् काम एकाच हातात ठेवू नका. मला पहिल्या मालकानं दुकानातच झोपायला जागा दिली होती. पुढं मजुरीवरून बोलणं झालं. त्या रात्री काम गेलं अन् छतही गेलं. पेटी घेऊन स्टँडवर बसलो होतो. बिनभाड्याच्या खोलीत माणूस तोंड उघडत नाही. मजुरी कमी पडली, अंगात ताप असला, तरी "हो" म्हणते. आम्हाला तर लहानपणापासून "हो" म्हणायचीच सवय.

तिच्याकडून थोडं का होईना भाडं घ्या. करार लिहून घ्या. मजुरी खात्यात टाका. भांडण झालं तरी खोली तिचीच राहिली पाहिजे. दुसऱ्या कोणाकडची शिलाई घ्यायची मोकळीकही द्या.

अजून एक. बालगृहात शंभराचं जेवण बनते, एकट्याचं नाही. मी पहिल्यांदा वरण लावलं तर दोन दिवस तेच खाल्लं. बाजाराच्या दिवशी तिला पैसे देऊन एकटीलाच भाजी आणायला पाठवा, आतापासूनच.

परतवाडेकर
आमच्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग, टाकून दिलेली मुलं वाढवली अन् अठरा झाली म्हणून कोणाला बाहेर काढलं नाही. किती पोरींची लग्नं तिथूनच लागली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या पोरीलाही अक्षय्य तृतीयेला, दिवाळीला यायला घर लागेल. काम कुठंही करो, सणाला तुम्ही बोलवा.

शिवणक्लासवाली, दारव्हा
यजमानांना सगळं वाचून दाखवलं. सोमवारी यवतमाळला जातो, पोरीला घेऊनच. तिकीट तीच काढेल. मशीन तिच्या नावानं घेतो, बिलावर तिचंच नाव राहील. दुसरीकडची शिलाई घेतली तर माझं गिऱ्हाईक तुटेल, हे खरं आहे, पण चालेल. वायरमन भाऊ, करार किती दिवसांचा करू?

वायरमन, आर्णी
अकरा महिन्यांचा करतात. खोली सोडायची झाली तर महिनाभर आधी सांगायचं, हे दोघींच्याही बाजूनं लिहा. भाड्याची पावती दर महिन्याला तिच्या हातात द्या.