केवळ शुक्रजंतुनाशक गोळीवर विसंबणे योग्य आहे का?

वृंदा : योनीत ठेवायची शुक्रजंतुनाशक गोळी औषधाच्या दुकानात मिळते आणि तिच्यात संप्रेरके नसतात, म्हणून अनेक जोडपी तिला निर्धोक मानतात. ज्यांना मूल नकोच आहे, त्यांनी केवळ तिच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेहमीच्या वापरात शंभर स्त्रियांपैकी सुमारे २१ जणींना वर्षभरात गर्भ राहतो. तांबी बसवलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकीहूनही कमी असते. गोळी वापरायचीच असेल, तर निरोधच्या जोडीने वापरावी.

अनघा : वृंदाताई, आकडे मान्य आहेत, पण काहीच न वापरल्यास शंभरातल्या सुमारे ८५ जणींना दिवस जातात, हेही सांगायला हवे. नवरा निरोधला तयार नाही, बाळ अंगावर पीत असल्याने संप्रेरकांची धास्ती वाटते आणि तांबीसाठी दवाखान्यात जायचे तर सासूला सांगावे लागते, अशा बाईला स्वतःच्या हातातले हे एकच साधन उरते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्याला शंभर वर्षे उलटली तरी निर्णय बाईचा नसतो, हे मला फार लागते.

श्रीकांत : अनघाताई, ती गोळी गुपचूप वापरता येईल, हे मला पटत नाही. ती आत सरकवल्यावर विरघळायला दहा मिनिटे थांबावे लागते, परिणाम जेमतेम तासभर टिकतो, पुन्हा संबंध आल्यास नवी गोळी लागते आणि त्यानंतर सहा तास आतून धुवायचे नसते. जो नवरा निरोधला नकार देतो, तो ही दहा मिनिटे थांबेल का?

वृंदा : शिवाय यातले नोनॉक्सिनॉल-९ हे द्रव्य शुक्रजंतूंचे आवरण फोडते, तसेच वारंवार वापरल्यास योनीचे नाजूक अस्तरही दुखावते. आफ्रिका आणि थायलंडमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते वारंवार वापरणाऱ्यांत एचआयव्हीचा धोका वाढलेला आढळला. अनघाताईंनी सांगितलेल्या बाईसाठी सरकारी दवाखान्यातली छाया ही पोटात घ्यायची गर्भनिरोधक गोळी आहे. तिच्यात संप्रेरक नाही, ती अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते आणि मोफत मिळते. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन तर तीन महिन्यांतून एकदाच घ्यावे लागते.

अनघा : छाया पटते. अंतरामुळे मात्र पाळी अनियमित होते, आणि एकत्र कुटुंबात ती गोष्ट पहिल्याच महिन्यात सर्वांच्या लक्षात येते. छाया गोळी आशाताईंकडून, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीकडून, त्या बाईच्या हाती पडेपर्यंत तिच्याकडून ही शुक्रजंतुनाशक गोळी काढून घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे.