मदत हवी आहे: जुनी बास गिटार खरी आहे का, कसं ओळखायचं? (रविवारच्या आत)

चौथी_तार
पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात जुनी बास टांगलेली दिसली. काढून वाजवली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मालक म्हणतात सत्तरच्या दशकातली आहे, एकदम ओरिजिनल. रविवारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, म्हणून घाई. खरी आहे का हे कसं ओळखायचं? कृपया नवीन घ्या म्हणून सांगू नका, नवीन आहे माझ्याकडे.

पेठकर
कुठलं दुकान, कुठली कंपनी, किती सांगतात? काहीच लिहिलं नाहीत. फोटो टाका.

चौथी_तार
दुकानाचं नाव टाकत नाही, उद्या सकाळी इथलंच कुणीतरी तिथे उभं असेल. फोटो काढू देत नाहीत. हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) फेंडर कंपनीचं नाव, खाली जॅझ बास हे मॉडेल. दोन पिकअप (तारांखालची, आवाज उचलणारी चुंबकं). ८५ हजार सांगतात, ७५ पर्यंत येतील.

सम_गाठली
मी वीस वर्षं वाजवतोय, म्हणून सांगतो, ऐका. तेवढ्या पैशांत चांगली नवी बास येईल आणि वर अँपही. जुन्या वाद्यात खुंट्या घसरतात, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं) खरखरतात, पावसाळ्यात नेक (मान) हलते. कार्यक्रमाच्या दिवशी रडायची वेळ येते.

चौथी_तार
दादा, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

सोल्डर
१९७४-७५ ची खरी जॅझ बास आज लाखांत जाते. पेठेत ८५ हजाराला टांगलेली असेल तर एकतर मालकांना माहीत नाही किंवा ती जॅझ बास नाही. टेलरचा टेप घेऊन जा. वरच्या नटपासून (तारा टेकतात ती वरची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर मोजा आणि दुप्पट करा, ते स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. जॅझ बास १९६० साली आली तेव्हापासून तिचं स्केल ३४ इंच, म्हणजे नट ते बारावा फ्रेट साधारण ४३ सेंटिमीटर. मोजून सांगा, मग पुढचं बोलू.

पेठकर
सिरियल नंबरही बघा. १९७६ च्या आधी तो नेकच्या मागच्या पत्र्यावर असायचा, नंतर हेडस्टॉकवर आला.

सोल्डर
पत्रा चार स्क्रूंचा आहे, कुठूनही काढून कुठेही बसतो. नंबरवर भरवसा नको. मोजमाप खोटं बोलत नाही.

पेठकर
भरवसा ठेवा म्हटलं नाही, बघा म्हटलं.

आईची_काळजी
मुलगा आठवीत आहे, गिटार शिकायची म्हणतो. कोथरूड भागात क्लास कुणी सुचवेल का? बास की साधी, आधी काय शिकावं?

सम_गाठली
ताई, आधी साधी. हात बसला की बास. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

जुना_बाजार_फेरी
मंगळवार पेठेतला जुना बाजार बघा, बुधवार आणि रविवारी भरतो. मला तिथे एक हवाईयन गिटार मिळाली होती, नुसती तार घालायची बाकी होती. पहाटे जायचं, दहानंतर सगळं उचललेलं असतं.

चौथी_तार
मला हीच हवी आहे हो, दुसरी नको.

वाद्यवृंद
एक विचारू? हीच का? काय वाजवणार आहात?

चौथी_तार
जुनी हिंदी गाणी. आमचा सहा जणांचा संच आहे, गणपतीत सोसायट्यांमधून कार्यक्रम करतो. माझ्या नव्या बासचा आवाज टणटणीत येतो, गाण्याच्या वर तरंगतो. ही वाजवली तर आवाज खाली जाऊन बसला, ढोलकच्या शेजारी. ठुम असा येतो आणि लगेच विरतो. तोच आवाज मी दोन वर्षं शोधतोय.

वाद्यवृंद
आता कळलं. पंचमदांकडे टोनी वाझ बास वाजवायचे, ती गाणी हेडफोन लावून फक्त बाससाठी ऐका. कधी नाचते, कधी नुसती धरून ठेवते. पण तुम्ही म्हणता ते ठुम बरंचसं तारांवर असतं. दुकानातल्या बासवर फ्लॅटवाउंड तारा असतील, हाताला गुळगुळीत लागतात. तुमच्या नव्या बासवर त्याच घालून बघितल्यात का?

चौथी_तार
नाही. दुकानातली तार गुळगुळीत होती हे मात्र खरं.

पेठकर
मग आधी तारा बदला. ८५ हजार वाचतील.

वाद्यवृंद
तारा हा अर्धाच भाग आहे. छोट्या स्केलवर तार सैल असते, तिचा आवाज वेगळाच येतो. माप येऊ द्या.

परदेशी_पाहुणा
कुठलीही जुनी गिटार घेताना फ्रेटबोर्डचं लाकूड बघा. ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, देशाबाहेर नेताना अडवतात. बाकीच्या रोजवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

चौथी_तार
मी ती फक्त सिंहगड रोडपर्यंत नेणार आहे. असो, धन्यवाद. मोजून आलो. नट ते बारावा फ्रेट ३८ सेंटिमीटर. दोनदा मोजलं. मालक वर बघत होते.

सोल्डर
३८ दुणे ७६. म्हणजे ३० इंच. ही जॅझ बास नाही. त्या काळात फेंडरची ३० इंची बास होती, मस्टँग, १९६६ पासून, पण तिला एकच पिकअप. दोन पिकअप आणि ३० इंच असं त्या वेळी फेंडरकडे नव्हतंच. नावाचं स्टिकर नंतर लावलंय. कडेवरून नख फिरवलंत का?

चौथी_तार
फिरवलं. नख अडकतं. आणि एक राहिलं सांगायचं: हेडस्टॉकचं पॉलिश मधासारखं पिवळं पडलंय, अक्षरांभोवती मात्र पांढरट. तिरपं धरलं तर स्टिकरच्या खाली दोन बारीक भोकं बुजवलेली दिसतात.

वाद्यवृंद
दोन भोकं म्हणजे तिथे धातूचा बिल्ला होता. साठ-सत्तरच्या दशकात जपानमध्ये अशा वाद्यांवर बिल्ले असायचे. तिथले एकेक कारखाने वेगवेगळ्या नावांनी गिटारी बनवून जगभर पाठवायचे. तुमची बहुतेक त्यातली. खोटी नाही हो, फक्त नाव दुसरं आहे.

सम_गाठली
नेक वाकलीय का ते कुणी विचारलंच नाही! वाकली असेल तर सुताराकडे नेऊन शेक द्यायचा आणि वजनाखाली ठेवायची. माझी तशीच सरळ झाली.

सोल्डर
सुताराकडे अजिबात नेऊ नका. शेक दिला की फ्रेटबोर्ड सुटतो, मी अशा दोन नेक चिकटवल्यात. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा, मध्ये तार आणि फ्रेटमध्ये किती फट राहते ते बघा. पत्त्यांतलं पान अलगद जाईल एवढी चालते. बोट जात असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, ती सरळ ठेवणारा गज) फिरतो का बघायला लागेल. काही जुन्या बासना तो फिरवता येण्यासारखा नसतो.

सम_गाठली
माझी सहा वर्षं सरळ आहे.

सोल्डर
तुमचं नशीब चांगलं. त्यांना तो सल्ला नको.

चौथी_तार
आज परत गेलो. मालकांना भोकं आणि टेप दाखवला. रागावले नाहीत. म्हणाले, एका ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरून आली, नाव आधीपासून असंच होतं. ३० हजार म्हणतायत. फटीत पान जातं आणि वर थोडी जागा उरते. व्हॉल्युम फिरवला की खरखर. आवाज मात्र तोच.

वाद्यवृंद
३० ला विचार करण्यासारखी आहे. केस आहे का?

चौथी_तार
केस नाही, कापडी खोळ आहे, चेन तुटलेली.

सोल्डर
पॉटची खरखर क्लिनरने जाईल, नाहीतर तापकीर गल्लीत पॉट मिळतो. पिकअप मीटरवर तपासले पाहिजेत, एखादा मेलेला असला तरी दुसऱ्यावर वाजते आणि घेताना कळत नाही. रविवारी मी मोकळा आहे. तुम्ही म्हणाल तर येतो, मीटर आणतो.

चौथी_तार
या, नक्की या. मालकांशी बोललो, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दुपारनंतर बोलावतायत. अकरा वाजता. दुकानाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. ट्रस रॉड फिरवायला अॅलन कीचा संच आणाल का? माझ्याकडची बारीक पडते.