प्रतिसाद: स्टॅनने त्यांना जाऊ दिले, ते पटण्यासारखे आहे का?

‘द अमेरिकन्स’ या अमेरिकी मालिकेच्या २०१८ मधील अखेरच्या भागात एफबीआयचा अधिकारी स्टॅन त्याच्या शेजारच्या, सामान्य अमेरिकी म्हणून वावरणाऱ्या सोव्हिएत हेर फिलिप आणि एलिझाबेथ यांच्या जेनिंग्ज कुटुंबाला पार्किंगमधून निघून जाऊ देतो, हे पटत नाही, असा एक आक्षेप आहे. मालिका पुन्हा पाहताना मला मात्र तो प्रसंग अपरिहार्य वाटला. पहिल्याच भागात स्टॅन संशयाने त्यांच्या गॅरेजमध्ये शिरून मोटारीची डिकी तपासतो आणि फिलिप अंधारात पिस्तूल घेऊन उभा असतो. पुढे सहकाऱ्याच्या मृत्यूचा सूड म्हणून सोव्हिएत दूतावासातील निःशस्त्र व्लादला ठार मारणारा हाच स्टॅन (हे आपण सोयीस्करपणे विसरतो) शेवटी, आपल्या एकमेव मित्रासमोर, म्हणजे फिलिपसमोर, आणि गोर्बाचेव्हविरोधी कटाची माहिती ऐकल्यावर, गोळी झाडू शकत नाही. खटकते ते स्टॅनची पत्नी रेनी हीही हेर असू शकते, हे फिलिपचे मोघम विधान, कारण त्यामागे काळजी आहे की क्रौर्य, हे दुसऱ्यांदा पाहूनही ठरवता येत नाही.