जेरेमी ब्रेट टीव्हीवाला की नाटकवाला?

इंदूरी_नाटक्या:
मंडळी, आमच्या ग्रुपचं डिटेक्टिव नाटक बसवतोय, रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर तालमी चालू आहेत. मेन रोलवालं पोरगं दिवसभर जेरेमी ब्रेटचा शेरलॉक होम्स बघतं आणि तालमीत नुसत्या भुवया उडवतं. मी म्हणतो ती टीव्हीची अ‍ॅक्टिंग आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. बरोबर ना?

तिसरी_रांग:
नाही भिया, तो पक्का नाटकवाला. लंडनच्या नॅशनल थिएटरात मोठा नट लॉरेन्स ऑलिव्हिए याच्या हाताखाली होता, 1967 मध्ये फक्त पुरुषांना घेऊन शेक्सपियरचं 'अ‍ॅज यू लाइक इट' केलं त्यात नायक ऑर्लँडो हाच. आडनाव हगिन्स, पण वडील फौजी, ते म्हणाले नाटकबिटक करायचं तर आमचं नाव लावू नकोस, म्हणून यानं सुटाच्या लेबलवरचं ब्रेट घेतलं! लहानपणी 'र' धड म्हणता यायचा नाही, जिभेचं ऑपरेशन झालं आणि पुढे काम असो नसो उच्चारांचा रियाज रोज. तुमच्या पोराला भुवया दिसल्या, हे कोण बघणार?

पुस्तकवाली_ताई:
शिवाय होम्सच्या आधी 1980 मध्ये लॉस एंजेलिसला स्टेजवर त्यानं वॉटसन केलाय, होम्स होता चार्लटन हेस्टन. मग 1984 ते 94 ग्रॅनाडा टीव्हीच्या होम्स मालिकेचे 41 भाग, आणि मधेच 1988 ला लंडनच्या विंडहॅम्स थिएटरात होम्स-वॉटसन दोनच पात्रांचं नाटक, तेही मालिकेतलाच वॉटसन एडवर्ड हार्डविक बरोबर घेऊन. भुवया सोडा, त्याचं गप्प बसणं बघायला सांगा. खुर्चीत डोळे मिटून निश्चल पडलेला असतो आणि मग एकदम उसळतो, हे मागच्या रांगेलाही दिसतं हो.

चहा_कडक:
शेवटचे भाग मात्र दाखवू नका, चेहरा सुजलेला, धाप लागते. 1985 ला बायको गेली, मग बायपोलर या मनाच्या आजाराचा त्रास, त्यावर लिथियमच्या गोळ्या, हृदय आधीपासूनच कमजोर. एका भागात तर हा आजारी म्हणून होम्सचं काम गोष्टीतल्या होम्सच्या भावाकडे, मायक्रॉफ्टकडे दिलंय, जाम विचित्र वाटतं. 1995 मध्ये गेला, 61 चा होता फक्त.

पुस्तकवाली_ताई:
चहा_कडक, मला तेच भाग जास्त आवडतात, शरीर साथ देत नाही तरी आवाज बघा की.

इंदूरी_नाटक्या:
बरं मानलं, उद्यापासून पोराला आधी उच्चार, मग भुवया. पण ताई, दोनच पात्रं म्हणजे आमच्या बजेटचं काम झालं, त्या नाटकाची संहिता कुठे मिळेल?