मदत हवी आहे: किनारा सफाई आणि पक्षीनिरीक्षण एकाच किनाऱ्यावर कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही गुहागर तालुक्यातले काही जण रविवारी सकाळी सात वाजता सुरूच्या बनापाशी जमतो. आधी पक्षी बघायचे, मग गोण्या घेऊन किनारा साफ करायचा, असा बेत असतो. शाळेची मुलं, बचतगटातल्या बायका, सुट्टीला गावी आलेले मुंबईकर, सगळे येतात. उत्साह भरपूर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण वेगळीच आहे.

आपल्याकडे सप्टेंबरपासून परदेशी चिखले पक्षी, तुतवार, कोरल येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात पांगून खात असतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि सगळे नदीच्या मुखाशी उरलेल्या कोरड्या वाळूवर येऊन विसावतात. ज्या रविवारी सकाळी भरती असते, त्या रविवारी नेमकी तिथूनच आमची माणसं जातात. चिखल्यांचा थवा एका पायावर उभा असतो, चोची पाठीच्या पिसांत खुपसलेल्या, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. पहिली तुकडी जवळ आली की थवा उठतो, समुद्रावरून मोठा वळसा घेऊन परत बसायला येतो, तोवर मागची तुकडी पोचलेली असते. पुन्हा उठतो. या पक्ष्यांना उन्हाळ्यापूर्वी हजारो किलोमीटर उडून परत जायचं असतं. त्यासाठी साठवलेली चरबी आमच्यामुळे उगाच खर्च होते, हे बघवत नाही.

दुसरं म्हणजे कासवांचा हंगाम. कासवमित्र पहाटे मादीचा वाळूतला माग शोधत फिरतात आणि अंडी सापडली की ती कुंपण घातलेल्या हॅचरीत नेऊन ठेवतात. आमच्या पावलांनी तो माग पुसला जाऊ नये असं वाटतं.

सफाई बंद करायची नाही, कारण मुलांना किनाऱ्याची गोडी तिथूनच लागली. पक्षीनिरीक्षणही सोडायचं नाही. तर प्रश्न असे:

वेळ कशी ठरवावी? दर वेळी बदलली तर लोक गोंधळतात. मोबाइल घेऊन थव्यात घुसणाऱ्या, वयाने मोठ्या माणसांना न दुखावता कसं थांबवावं? थवा मोजायचा कसा? आणि दुर्बिणी दोनच आहेत, मुलं मात्र पुष्कळ. ज्यांनी असे उपक्रम चालवले आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद

ताई, वेळेचं उत्तर पंचांगात आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरतीचं वेळापत्रक बघा, पण बेत आखायला हे पुरतं. आमच्याकडे रापणीवाले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, अजून असाच हिशेब करतात.

आता गंमत बघा. दोन रविवारांत साधारण सात तिथींचं अंतर पडतं. म्हणजे एका रविवारी द्वितीया असेल तर पुढच्या रविवारी नवमीच्या आसपास. द्वितीयेला पावणेआठला ओहोटी असते. तेव्हा पक्षी खाडीच्या चिखलात असतात आणि किनारा मोकळा असतो, तो रविवार सफाईला द्या. नवमीला पावणेसातला भरती, तो रविवार पक्ष्यांना. एक रविवार सोडून एक, असं ठरवलं की लोकांच्या लक्षात राहतं. महिन्याला तिथी एक-दीडने मागे सरकते, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी कॅलेंडर उघडून वाटणी पुन्हा तपासायची.

पक्ष्यांच्या रविवारी चालूच नका. लांबवर, सुरूच्या सावलीत, सगळ्यांनी एका जागी बसायचं. सलीम अलींनी किहीमला सुगरणींचा अभ्यास केला तो असाच एका जागी बसून. फोटोवाल्यांना किनाऱ्यावर गेल्यावर टोकू नका. निघायच्या आधी सगळ्यांना एकदमच सांगा की थव्याने खाणं थांबवून माना वर केल्या, पक्षी पाय टाकत लांब जाऊ लागले, की तिथेच थांबायचं. हे मुलांना शिकवा. मग मुलंच मोठ्यांना अडवतात, आणि नातवाच्या वयाच्या मुलाने सांगितलेलं कुणाला लागत नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. सफाईबद्दल थोडं सांगते, कारण त्यात बऱ्याच ठिकाणी घोळ होतो. भरतीच्या रेषेवर जे पडलेलं असतं ते सगळं कचरा नसतं. शेवाळ, लाकडाचे ओंडके, माकुलाचं पांढरं कवच, कुजका पाला, यात किडे आणि पिटुकले उड्या मारणारे जीव राहतात, आणि चिखले तेच टिपतात. ते सगळं गोणीत भरलं तर किनारा चकचकीत दिसेल, पण पक्ष्यांचं ताट रिकामं होईल. फक्त प्लास्टिक, थर्माकोल, बाटल्या आणि तुटक्या जाळ्या उचला. नायलॉनच्या जाळीचा तुकडा वाळूत अर्धा पुरलेला असेल तर ओढू नका, हाताने वाळू बाजूला करून सोडवा. आत कधीकधी खेकडा अडकलेला असतो. जेसीबी फुकट देणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा, कारण कासवं अंडी घालतात त्या वाळूवर जड यंत्र नकोच. कासवमित्रांशी आधी बोला आणि त्यांची पहाटेची फेरी संपल्यावरच सुरुवात करा.

मोजणीसाठी: थव्यातले दहा मोजा, ते केवढी जागा व्यापतात ते नजरेत धरा आणि तसे किती गट बसतात ते बघा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा नंतरच सांगायचा. जात ओळखली नाही तर नुसतं 'चिखल्या' लिहिलं तरी चालतं, अंदाजाने नाव देऊ नये. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. या दुसऱ्या गणनेत पंधरा मिनिटांची नोंदही चालते, मुलांना ती फार आवडते. आणि 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह, शाळेकडून परवानगी मिळवायला ते दिवस सोपे जातात.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. तिथीचा हिशेब आमच्या आजोबांना येत होता, आम्ही कधी शिकलो नाही. आता कॅलेंडर घेऊन बसले आहे. पुढचा रविवार पंचमीचा आहे, म्हणजे दहाला ओहोटी. तो सफाईला दिला, आठला सुरुवात. गोण्यांवर 'शेवाळ नको' असं मुलांकडून रंगवून घेणार आहे.

दुर्बिणींचं मात्र कुणी बोललं नाही. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) जुनी, चालू स्थितीतली दुर्बीण कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, योग्य किंमत देऊ. आणि एक दुर्बीण पाच-सहा मुलांत फिरवायची असेल तर काय युक्ती करता तेही सांगा. सध्या एकाला पक्षी सापडेपर्यंत बाकीच्यांचा धीर सुटतो.